मोहितेबाईंची संयुक्त पाहणी

आमच्या ब्लॉकच्या लिफ्टशेजारी काचेचा एक सूचनाफलक आहे. परदेशात, इथं बेडोकमध्ये मी सहा वर्षं राहत होते आणि त्या सहा वर्षांत त्या फलकाचा उपयोग एकाच कामासाठी केला होता : लिफ्ट येईपर्यंत काचेत बघून केस नीट करायला. त्यामुळे एका सकाळी ऑफिसला निघताना सुती साडी नेसलेली, साठी ओलांडलेली एक बाई त्या काचेला नाक लावून उभी दिसली, तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी हरवलंय. हातात शाळकरी वही, वहीला दोरीनं बांधलेलं पेन. फलकावरची सूचना ती अक्षरन् अक्षर उतरवून घेत होती.

"काही शोधताय का?" मी सरळ मराठीतच विचारलं. दोरीनं बांधलेलं पेन पाहिल्यावर दुसऱ्या भाषेची गरज वाटली नाही.

त्यांनी मानही वळवली नाही. "थांब जरा. तारीख उतरवू दे." लिहून झाल्यावर चष्मा कपाळावर सरकवला. "पाण्याची टाकी धुणार आहेत. आठ दिवस आधी कळवलंय. पण खाली कुणाची सही नाही. सही नसलेली सूचना मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा बघतेय. तरी हे लोक टाकी धुतात?"

"धुतात."

"सहीशिवाय?"

लिफ्ट आली, गेली, आणि मला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

त्या सुमन मोहिते. सातव्या मजल्यावरच्या अश्विनीच्या आई. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. आवक-जावकपासून सुरुवात, मग जन्म-मृत्यू नोंदणी, मग आरोग्य, शेवटी बांधकाम. निवृत्त झाल्या, त्याच्या आदल्या वर्षी यजमान गेले होते, म्हणून लेकीनं वर्षभर राहायचा पास काढून त्यांना इकडे आणलं. कचेरीत सगळे त्यांना 'मोहितेबाई' म्हणायचे. त्यांना तेच आवडायचं, म्हणून मीही बाईच म्हणू लागले.

मुलांकडे आलेले आईवडील मी पुष्कळ पाहिलेत. पहिला महिना फोटो काढण्यात जातो, दुसरा ते फोटो गावाकडे पाठवण्यात. तिसऱ्या महिन्यात भिंती दिसायला लागतात. अश्विनीनंही आईला सगळी झगमगती ठिकाणं दाखवली. बाईंनी सगळं मन लावून पाहिलं आणि परत आल्यावर मला म्हणाल्या, "छान आहे हो. पण ते पाहुण्यांसाठी आहे. गाव कळायचं असेल तर त्याचा कचरा कुठं जातो ते बघावं."

आणि खरोखरच बघायला लागल्या. सकाळी सहाला उठून कचऱ्याची गाडी कोणत्या बाजूनं येते, झाडणारी आंटी कुठून सुरुवात करते, लिफ्टची तपासणी करणारे कधी येतात, सगळं त्या वहीत. एकदा मला विचारलं, "आपल्या वॉर्डाचा अधिकारी कोण?" मला माहीत नव्हतं. ऑफिसमधल्या अकरा देशांतल्या सहकाऱ्यांचे वाढदिवस मला पाठ होते, पण मी राहते ती इमारत कोण सांभाळतं, ते नाव ठाऊक नव्हतं. बाई रागावल्या नाहीत, फक्त "असू दे" म्हणाल्या. मला ते जास्त लागलं.

मग एके दिवशी त्या स्वतःच, आमचे ब्लॉक सांभाळणाऱ्या टाउन कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन आल्या. काम काहीच नव्हतं. बाकावर तासभर बसल्या. खिडकीतल्या मुलीनं तीनदा विचारलं, "आंटी, कॅन हेल्प यू?" बाईंनी तिन्ही वेळा नम्रपणे सांगितलं, "नो, नो. आय ॲम ओन्ली सीइंग." संध्याकाळी माझ्याकडे येऊन खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेधा, त्यांच्या टेबलावर एक फाइल नाही गं. एकसुद्धा नाही. मला भीतीच वाटली."

"भीती कसली?"

"फाइल नाही, म्हणजे लपवायला जागा नाही. चूक झाली तर ही माणसं ती ठेवतात कुठं?"

बाईंचं इंग्रजी सगळं सरकारी पत्रांतून आलेलं. 'काइंडली', 'ॲज पर', 'डू द नीडफुल' हे त्यांना अस्खलित यायचं. 'कांदे कुठे मिळतील' यासाठी मात्र हातवारे करावे लागायचे. पण बेडोकच्या मार्केटात हातवाऱ्यांना कुणी हसत नाही. तिथं सगळेच आपापली भाषा घरी ठेवून आलेले.

टाउन कौन्सिलनं नेमलेले आमच्या ब्लॉकचे व्यवस्थापक होते मिस्टर टॅन. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, खिशाला पेन लावलेले. बाईंची आणि त्यांची ओळख झाली ती ब्लॉक धुण्याच्या दिवशी. त्या दिवशी वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे व्हरांडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात आणि लोक आधीच आपापल्या कुंड्या आत घेऊन दारं लावून बसतात. बाईंनी दार उघडं ठेवलं, साडी वर खोचली आणि घरातला खराटा घेऊन बाहेर आल्या. मिस्टर टॅन धावत आले. "आंटी, नो नीड, नो नीड! वी डू!" बाई म्हणाल्या, "यू डू. आय ऑल्सो डू." नंतर मला म्हणाल्या, "आपल्या दारापुढची चार फूट जागा कुठल्याही सरकारला देऊ नये."

पण सगळ्यात खूश झाल्या त्या जूनमध्ये. डेंग्यूची तपासणी करणारा अधिकारी घरोघर फिरत आला. "हिवताप खातं!" बाई आनंदानं ओरडल्या, जणू माहेरचं माणूस आलं. त्यांनी स्वतःहून त्याला न्हाणीघर दाखवलं, बादल्या उपड्या करून दाखवल्या, सिंकखालीसुद्धा बॅटरी मारायला लावली. आरोग्य विभागात असताना त्यांनी अशा तपासण्यांचे शेकडो अहवाल लिहिले होते. तो निघाला, चप्पल घालता घालता थांबला, आणि दारातल्या तुळशीच्या कुंडीखालची ताटली त्यानं अलगद पुढे ओढली. ताटलीत पाणी. अळ्या नव्हत्या, म्हणून समज देऊन गेला.

अश्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र लिफ्टनं थेट नवव्या मजल्यावर माझ्याकडे आल्या. "मला पकडलं! ऐकलंस का? मला! चप्पल घालताना सुद्धा त्याची नजर खाली होती. याला म्हणतात इन्स्पेक्टर." पुढचे आठ दिवस त्या ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होत्या. दहा वर्षांची माझी ईशा इथल्या लोकांसारखी शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आई, आजी गॉट कॉट, व्हाय सो हॅपी लाह?"

आता मकचिकबद्दल सांगायला हवं, कारण त्या वर्षाचं खरं काम तिच्यामुळे घडलं.

सगळे जिला मकचिक, म्हणजे मलयमध्ये मावशी, म्हणायचे ती रोझिया मोहितेबाईंच्या शेजारच्या दारात राहायची. सत्तरीची मलय बाई, बाईंपेक्षा वयानं मोठी, पण बाईंना ती 'ककाक' म्हणायची. पहिल्या दिवशी बाईंनी मला कोड्यात पडून विचारलं होतं, "ती मला काका का म्हणते गं?" मलयमध्ये त्याचा अर्थ ताई असा होतो, हे सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की मकचिकही कारण न कळता हसू लागली. मैत्री तिथं जमली. वर्षापूर्वी मकचिकला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात बरा झाला, पाय नाही झाला. ती चाकाच्या खुर्चीत बसून दाराच्या जाळीआडून व्हरांडा बघायची. तिची मुलगी सुरियानी इस्पितळात पाळीनं काम करायची.

बाई मार्केटातून आल्या की मकचिक त्यांची पिशवी उघडायला लावायची. एकेक भाजी हातात घ्यायची, नाकाला लावायची. मासे असले तर त्यांचे डोळे तपासून नापसंतीनं मान हलवायची. चाळीस वर्षं ती रोज त्या मार्केटात गेली होती. मार्केट खिडकीतून दिसतं, इतकं जवळ. पण आमच्या ब्लॉकपासून तिकडे जाणारी छपराखालची वाट तीन पायऱ्या उतरून फूटपाथला मिळते. त्या तीन पायऱ्यांना उतार नव्हता. दुसऱ्या बाजूनं जायचं तर संपूर्ण कार पार्कला वळसा, उन्हातून, गाड्यांच्या मधून. सुरियानीनं एकदा तसा प्रयत्न केला होता. गाडीच्या हॉर्ननं मकचिक इतकी घाबरली की पुन्हा नको म्हणाली.

"तक्रार नाही केली कुणी?" बाईंनी मला विचारलं.

केली होती. सुरियानीनं केली होती, आणि नंतर मीही फोनमधल्या तक्रारीच्या ॲपवरून एकदा केली होती. दोन्ही उत्तरं माझ्याकडे होती. टाउन कौन्सिलनं दोन दिवसांत कळवलं होतं : आपल्या सूचनेबद्दल आभार, परंतु पायऱ्या फूटपाथला लागून असल्यानं विषय दुसऱ्या खात्याकडे पाठवला आहे. दुसऱ्या खात्यानं चार दिवसांत कळवलं होतं : आपल्या सूचनेबद्दल आभार, परंतु पायऱ्या ब्लॉकच्या जागेचा भाग आहेत. दोन्ही उत्तरं अतिशय सभ्य.

मी वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, हे तर माझंच लिखाण आहे. फक्त इंग्रजीत."

मग हसणं थांबलं. चष्मा काढून त्या पदरानं पुसत बसल्या.

"आमच्या कचेरीला पाच पायऱ्या होत्या," त्या म्हणाल्या. "बाबूराव म्हणून एक गृहस्थ होते. एक पाय गुडघ्यापासून गेलेला. दाखल्यासाठी दरवर्षी यावं लागायचं. त्यांनी अर्ज केला, पायऱ्यांना कठडा लावा म्हणून. वरच्या दोन पायऱ्या आमच्या, खालच्या तीन रस्त्याच्या हद्दीत, रस्ता दुसऱ्या खात्याचा. साहेबांनी मला टिपणी लिहायला सांगितली. मी लिहिलं, 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. अर्ज दप्तरी दाखल.' माझं अक्षर चांगलं होतं. साहेब म्हणाले, टिपणी असावी तर अशी."

"मग?"

"मग दुसऱ्या वर्षी त्यांचा पुतण्या आला. मी विचारलं, काका कुठं? तर म्हणाला, मागच्या वेळी परत जाताना तुमच्याच पायऱ्यांवर पडले, आता घराबाहेर पडत नाहीत." त्यांनी चष्मा परत लावला. "मेधा, तो कागद आज काढला तरी त्यात कुणाला चूक सापडणार नाही. नियमानं मी बरोबरच होते."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हद्दीचं प्रकरण कसं दाबतात ते मला माहीत आहे. म्हणजे ते कसं उघडतात तेही मलाच माहीत असणार. चल, मकचिककडे."

मकचिक तयार होईना. "नेवर माइंड लाह, ककाक. आय ओल्ड अलरेडी. ट्रबल पीपल ओन्ली." लोकांना कशाला त्रास.

"तिला सांग," बाई मला म्हणाल्या, "त्रास घेण्यासाठीच तर ती माणसं नेमलेली असतात. आपण त्रास दिला नाही तर त्यांची नोकरी जाईल."

मी सांगितलं. मकचिक हसली, आणि तयार झाली.

आमच्या भागाचे खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी शेजारच्या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत लोकांना भेटतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबराचे कागद, टेबलांमागे स्वयंसेवक. आम्ही चौघी गेलो : मकचिक, सुरियानी, बाई आणि मी. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. जाताना मात्र त्या जरा मागे रेंगाळल्या. "मी इथली मतदार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "विचारलं तर काय सांगू?"

विचारलंच. टेबलामागच्या तरुणानं सगळ्यांची नावं लिहून बाईंकडे पाहिलं. "अँड आंटी, यू आर?"

बाईंनी क्षणभर विचार केला. मकचिककडे बोट दाखवलं, "शी इज ॲप्लिकंट." मग स्वतःकडे. "आय ॲम कन्सर्न्ड पर्सन."

त्या मुलानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

पत्राचा मसुदा त्यानं भराभर तयार केला : या ठिकाणी उतार बांधून मिळावा. बाईंनी माझ्याकडून तो ऐकला आणि मान हलवली. "उतार मागू नको. उतार मागितला की हद्द कुणाची ते विचारतील. लिही, दोन्ही खात्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, त्या पायऱ्यांवर येऊन उभं राहावं. संयुक्त पाहणी. भेटायला या म्हटल्यावर नाही कसं म्हणतील?"

त्या मुलानं आधीचं सगळं खोडलं. खासदारांनी पत्र वाचलं, मकचिकचा हात हातात घेतला, सही केली. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "सर, काइंडली डू द नीडफुल." खासदारही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "आय विल, मॅडम."

पाहणी सप्टेंबरात झाली. सकाळचे साडेदहा, ऊन चटचटत होतं. मी अर्धा दिवस रजा टाकली होती. मिस्टर टॅन आले आणि पायऱ्यांच्या वर उभे राहिले. दुसऱ्या खात्याकडून मिस गोह नावाची तरुण अधिकारी आली आणि पायऱ्यांच्या खाली उभी राहिली. दोघांकडे नकाशे होते. दोघंही आपापल्या जागेवरून एकमेकांशी फार अदबीनं बोलत होते. मधल्या तीन पायऱ्यांवर कुणीच पाय ठेवत नव्हतं.

बाईंनी मकचिकची रिकामी खुर्ची आणली होती. त्यांनी ती वरच्या पायरीशी उभी केली, ब्रेक लावला, साडी सावरली आणि तिच्यात बसल्या.

"मार्केट, प्लीज," त्या म्हणाल्या.

मिस्टर टॅन हसले. बाई हसल्या नाहीत. "मिस्टर टॅन, मिस गोह. काइंडली टेक मी टू मार्केट. फिश आय वाँट."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पायऱ्यांवरून खुर्ची उतरवण्याचा विचार केला आणि बाईंचा आकार पाहून सोडून दिला. मग निघाली वरात. कार पार्कच्या बाजूनं. मी पाठोपाठ. वर सातव्या मजल्यावर कठड्याशी घरातल्या साध्या खुर्चीत मकचिक आणि शेजारी सुरियानी. पहिल्याच वळणावर फूटपाथच्या उतरत्या कडेवर कुणाची तरी व्हॅन उभी होती, म्हणून खुर्ची रस्त्यावर घ्यावी लागली. मागून गाडीनं हॉर्न वाजवला. मिस गोह दचकली, बाई नाही. पुढं गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं. मिस्टर टॅन गुडघ्यांवर बसून ते सोडवत होते, तेव्हा बाईंनी वर मकचिककडे पाहून पुढाऱ्यासारखा हात हलवला. मकचिकचं हसणं खालपर्यंत ऐकू आलं.

मासळीच्या गाळ्यापाशी पोचायला वीस मिनिटं लागली. पायऱ्यांवरून ती वाट दोन मिनिटांची आहे. बाईंनी खुर्चीतूनच दोन बांगडे निवडले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "थँक यू. नाऊ रिटर्न."

मिस्टर टॅननी रुमालानं मान पुसली. "आंटी, इनफ लाह. वी अंडरस्टँड."

"अंडरस्टँड?" बाईंनी मिस गोहकडे पाहिलं.

"अंडरस्टँड," मिस गोह म्हणाली. तिचे शुभ्र बूट जाळीतल्या चिखलानं माखले होते.

मग आम्ही पाचव्या की सहाव्या स्टॉलवर चहा घेतला. कागद कुणाकडेच कोरा नव्हता, म्हणून मिस्टर टॅननी टिश्यू पेपरवर तीन पायऱ्या काढल्या आणि त्यांवरून एक तिरकी रेघ ओढली. मिस गोहनं त्यांच्या हातातलं पेन घेऊन ती रेघ खाली फूटपाथपर्यंत लांबवली. वरचा भाग टॅनसाहेब करणार, खालचा गोहबाई. बाई चहा पीत होत्या आणि त्या टिश्यूकडे असं बघत होत्या, जसं लोक नातवंडाकडे बघतात. परतताना मला म्हणाल्या, "सरकार कधी वाईट नसतं गं. ते उभं कुठं आहे, एवढाच प्रश्न असतो. त्याला जरा जागेवरून हलवावं लागतं."

त्यानंतर दोन महिने काहीही झालं नाही. बाई रोज पायऱ्यांपर्यंत जाऊन यायच्या. मी काळजीत, कारण त्यांचा पास जानेवारीत संपत होता. त्या निवांत. "मंजुरी, अंदाजपत्रक, ठेकेदार. दोन महिने म्हणजे पळत चाललंय काम." पण मकचिकनं विचारणं बंद केलं होतं. तिनं मनातल्या मनात ते सोडून दिलं असावं. बाईंच्या ते लक्षात आलं होतं, आणि आता त्या सकाळी आधी तिच्याकडे जाऊन बसायच्या, मग पायऱ्यांकडे.

नोव्हेंबरच्या अखेरीस नारिंगी कठडे लागले. बाईंना कसलं कौतुक! बांधकाम विभागातली सगळी वर्षं जागी झाली. रोज सकाळी छत्री घेऊन कामावर हजर. फळ्या सरळ आहेत का, सळ्या किती टाकल्या, सगळं बघायच्या. काँक्रीट ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगायला लागल्या, "पानी मारो, पानी मारो, नहीं तो फटेगा." डिसेंबरचा पाऊस कोसळत होता. बांगलादेशी मुकादम छपराखाली उभा राहून हसला, "आंटी, ऊपरवाला मार रहा है ना." बाईंनी आकाशाकडे पाहिलं आणि मान्य केलं. पावसानं काम आठ दिवस लांबलं, पुन्हा चार दिवस लांबलं. शेवटी बाईंच्या विमानाला पाच दिवस उरलेले असताना कठडे निघाले.

सकाळी आठला आम्ही मकचिकला खाली आणलं. तिनं ठेवणीतला निळा डोक्यावरचा रुमाल बांधला होता. उताराच्या तोंडाशी सुरियानीनं खुर्ची थांबवली. मकचिक खाली बघत राहिली. मला वाटलं, घाबरली. तिनं मुलीचे हात खुर्चीवरून काढले, चाकांवर स्वतःचे दोन्ही हात ठेवले आणि निघाली. हळू, अगदी हळू, मधूनमधून एका हातानं कठडा चाचपत. खाली पोचली तेव्हा मागे न बघता तशीच मार्केटकडे वळली. आम्हाला मागून धावावं लागलं.

मासळीवाला मोठ्यानं "मकचिक!" असं ओरडला आणि ओला एप्रन तसाच घेऊन गाळ्याबाहेर आला. शेजारची भाजीवाली आली, नारळवाला आला. मकचिकनं सगळ्यांना एका हातानं बाजूला सारलं. आधी माशांचे डोळे बघितले. दीड वर्षानं ती त्याच्याशी भांडत होती आणि तो आनंदानं हरत होता.

बाई कुठं दिसेनात. मी परत गेले तर त्या उतारापाशी, नाक लाल, मिस्टर टॅनना कठड्याचा एक नट दाखवत होत्या. "लूज," त्या म्हणत होत्या. "दिस वन लूज." टॅनसाहेब वाकून तो नट बघत होते आणि "येस, आंटी, येस" म्हणत होते. नट घट्टच होता. मी नंतर हात लावून पाहिला.

बाई गेल्या त्या सकाळी टॅक्सी ब्लॉकखाली उभी होती. अश्विनी बॅगा चढवत होती. इतक्यात लिफ्ट उघडली आणि मकचिक बाहेर आली. एकटीच. मुलगी कामावर गेलेली. तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. "नेक्स्ट इयर यू कम, ककाक. आय टेक यू मार्केट."

बाई मान हलवून टॅक्सीत बसल्या.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पण रविवारी फोन येतो. आपल्या जुन्या कचेरीत त्या आता अर्जदार म्हणून जातात. पाच पायऱ्यांच्या कठड्यासाठी त्यांनी दोन्ही खात्यांच्या माणसांना एका मंगळवारी उन्हात उभं केलं, आणि चार महिन्यांत कठडा लागला. लागला त्या दिवशी त्या बाबूरावांच्या घरी जाऊन आल्या. बाबूराव आता नाहीत. पुतण्यानं चहा दिला. बाईंनी त्याला ती टिपणी आपणच लिहिली होती, हे सांगितलं. "काय म्हणाला?" मी विचारलं. "काही नाही. कप विसळून आला आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आला."

परवा फोनवर मी त्यांना सांगत होते की इथल्या उतारावरून आता बाबागाड्या जातात, भाजीच्या ढकलगाड्या जातात, बॅगा ओढणारे पाहुणे जातात. मिस्टर टॅन निवृत्त झाले, मिस गोह दुसरीकडे गेली. म्हटलं, "बाई, हे तुम्ही केलंत, हे इथं आता कुणाला ठाऊकसुद्धा नाही. मला जरा वाईटच वाटतं."

पलीकडून त्यांचं ते खळखळतं हसू आलं.

"वाईट कसलं वाटून घेतेस? रस्ता चांगला असला की माणूस खाली बघत नाही. समोर बघून चालतो. तेवढ्यासाठीच तर असतं ते सगळं."